बस लाभ

भिवराबाईला कुणी विचारलं, "मावशी, शेरडं किती हायेत तुमच्याकडं?" तर ती म्हणते, "लाभ."

विचारणारा परमुलखातला असला तर तिच्या तोंडाकडं बघत राहतो. आम्हाला कळतं. तिच्याकडं एकच शेळी आहे, पण 'एक' म्हणायचं नाही. आमच्याकडं खळ्यावर ज्वारी मोजताना पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नसे. पहिलं माप लाभ, मग दोन, मग तीन. एक म्हटलं की ते एकटं पडतं, लाभ म्हटलं की त्याच्यामागं दुसरं येतं, असं जुनी माणसं सांगायची. आता मळणीयंत्र थेट पोत्यात ओततं, त्याला मधे बोलायला सवड नाही. भिवराबाई तेवढी राहिली. ती भाकरीला लाभ म्हणते, औषधाच्या गोळीलाही म्हणते. दवाखान्यातल्या डॉक्टरनं विचारलं, "सकाळी किती गोळ्या घेता?" ही म्हणाली, "लाभ." त्यानं कागदावर काय लिहून ठेवलं असेल कोण जाणे.

वडवणीच्या नाक्यावर माझ्या सुनेची, सत्यभामाची, चहाची टपरी आहे. चहा ती करते. गिऱ्हाइकाशी बोलायचं काम माझ्याकडं. माझ्या, म्हणजे मुक्ताबाईच्या, गप्पांसाठी लोक थांबतात आणि सत्यभामाच्या चहासाठी बसतात, असं मी म्हणते. सत्यभामा उलटं म्हणते. त्या टपरीच्या बाकड्यावर दर बुधवारी सकाळी भिवराबाई येऊन बसायची. पावणेनवाच्या परळीच्या बसनं ती सिरसाळ्याला जायची. तिथं तिचं कुणी आजारी नव्हतं, लेक दिलेली नव्हती, कोर्टाची तारीख नव्हती. ती आपली मेंढरं बघायला जायची.

मेंढरं आता तिची नव्हती. सगळा जन्म तिनं मेंढरांमागं काढला. लग्नात हळद लागली तीही मेंढरांच्या वाड्याच्या कुडाला टेकून, असं ती सांगते, आणि मला ते खरं वाटतं, कारण तिच्या लुगड्याला अजून लोकरीचा वास येतो. नवरा बिभीषण गेला, तरी चार वर्षं ती एकटी माळावर हिंडली. मग गुडघ्यांनी जवाब दिला. तेव्हा तिनं सगळा कळप सिरसाळ्याच्या भाच्याला, रामेश्वरला, दिला. एकच अट घातली, की दर बुधवारी मी येणार, वाड्याच्या दारात बसणार, आणि मेंढरं चरायला निघताना मोजणार.

रामेश्वर म्हणाला, "आत्या, माझ्यावर इमान न्हाई का तुझं?"

ही म्हणाली, "तुझ्यावर हाय रे. मेंढरांना वाटाया नको, का म्हातारीनं आपली गिनती सोडली."

तर असं ते. आता नाक्याची गोष्ट सांगते.

उसाचा हंगाम सुरू झाला की आमचा नाका नाका राहत नाही. सकाळी धुकं उतरतं, त्यात ट्रॅक्टरचा धूर मिसळतो, आणि दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर त्या करड्या पाण्यातून मोठ्या जनावरांसारखे पोहत येतात. आधी गाणं ऐकू येतं, मग दिवा दिसतो, मग उसाचा डोंगर. फटफट्या मधनं सुळकन जातात. सगळं अडतं आणि सगळ्यांची इंजिनं चालूच. शाळेची पोरं रुमाल नाकाला लावून कडेनं जातात. सत्यभामाच्या दुधावर सायीच्या आधी काजळी धरते. मी बाकड्यावर बसल्या बसल्या डोळे मिटते, तर मला तो आवाज लांबच्या ओढ्यासारखा वाटतो. पण खोकला येतो आणि ओढा आटतो.

नगरपंचायतीत बैठक झाली. धूर कमी करायचा, म्हणून जड गाड्या गावाबाहेरच्या नव्या रस्त्यानं न्यायच्या असं बोलणं निघालं. बजरंग ड्रायव्हर, पावणेनवाची बस चालवतो तो, चहा पिताना म्हणाला, "जड गाड्यांत आमाला बी धरलंय, मुक्तामावशी. थांबा बाहेरच्या रस्त्यावर न्यायचा म्हणायलेत."

भिवराबाईच्या हातातली बशी तशीच राहिली. बाहेरचा रस्ता नाक्यापासून अडीच किलोमीटर. मधे झाड नाही, टेकायला दगड नाही. तिच्या घरापासून नाक्यापर्यंत यायलाच ती तीनदा बसते.

"मंग मेंढरं?" ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

"अजून काय ठरलं न्हाई," बजरंग म्हणाला. "एक मॅडम यायल्यात बीडहून. त्या आधी मोजणार, मग ठरणार."

त्या मॅडम म्हणजे सुकन्या. मॅडम कसली, माझ्या नातीएवढी पोर. बीडमधेच वाढलेली, पुण्याच्या कॉलेजात शिकायला. पाठीवर पिशवी, पिशवीत तिचा लॅपटॉप. तिनं बाकड्यावर तो उघडला आणि आम्हाला वडवणी दाखवली. वरून दिसते तशी, घारीला दिसावी तशी. रस्ते म्हणजे रेघा, आणि रेघांवरून बारीक ठिपके चाललेले.

"हे आपलं गाव, आज्जी, पण आतलं," ती म्हणाली. "नाक्यावरून कुठल्या गाड्या किती जातात, किती वेगानं जातात, किती वेळ नुसत्याच उभ्या राहतात, हे आपण मोजायचं आणि यात भरायचं. मग हे सांगतं की कुठल्या रस्त्यावर किती धूर होतो. धूर जास्त तिथं रेघ लाल, कमी तिथं हिरवी. मग यातल्या यातच बदल करायचा. ट्रॅक्टर इकडून काढले तर काय होईल? बस तिकडून नेली तर? खरा रस्ता न उकरता आधीच कळतं."

मी म्हणाले, "म्हंजी आधी सपनात करून बघायचं, मंग जागेपणी."

ती हसली. म्हणाली, "हो आज्जी. तसंच."

मला ते गाव आवडलं. कुणाचा आवाज नाही. एक गोष्ट मात्र खटकली. त्या गावात कुणी चहाला थांबत नव्हतं.

मोजायला तिनं दोन शिकलेली माणसं नाक्यावर बसवली होती. कॅमेराही लावला होता, पण त्याला धुक्यात काही दिसेना, आणि दुपारी उसाचं पाचट येऊन त्याच्या तोंडावर बसायचं. ती दोन माणसं मोजायची, पण मधेच मोबाईल वाजला की बोटं थांबायची. भिवराबाई बाकड्यावरून बघत होती. तिला राहवेना.

"ए बाप्पा," ती त्यातल्या एकाला म्हणाली, "अठरा फटफट्या गेल्या. तू पंधराच लिवल्या."

"तुमाला काय मालूम, मावशी?"

"आन त्यातल्या दोनावर तिघं तिघं व्हते. आन मधल्याच्या मांडीवर कोंबडा."

सुकन्यानं तिच्याकडं वळून बघितलं. मग पुढचा पाव तास दोघींनी मिळून मोजलं. सुकन्या कागदावर रेघा मारत होती, भिवराबाई नुसती बघत होती. ओटीत तिनं खडे, चिंचोके आणि शेंगा घेतल्या होत्या. वीस फटफट्या झाल्या की एक खडा डावीकडून उजवीकडं. रिक्षाला चिंचोका, ट्रॅक्टरला शेंग. बससाठी तिनं बटव्यातली सुपारी काढली होती. पाव तास संपला तेव्हा सुकन्याच्या रेघा दोन कमी भरल्या.

"वाड्याचं दार येवढंसं असतंय," भिवराबाई म्हणाली, "आन मेंढरं अंगावर उड्या घेत सुटत्यात. ह्या गाड्या तर बिचाऱ्या सरळ चालत्यात."

असं करून आमची भिवराबाई तीन दिवस कामाला लागली. मला तिनं हळूच कारण सांगितलं. "मुक्ते, ती पोरं मोबाईल बघायलीत. माझी गाडी कुणी मोजायचीच सोडली, तर? माझी गाडी मीच मोजती."

लिहिता तिला येत नाही. म्हणून सुकन्यानं तिच्या गळ्यात दोरीला बांधून एक मोबाईल अडकवला. पाव तास झाला की तो टिंग वाजायचा. मग भिवराबाईनं त्याला सांगायचं, तो ऐकून आकडे लिहून घ्यायचा. ती त्याच्याशी अशी बोलायची जशी कोकराशी बोलावं, तोंड जवळ नेऊन. "फटफटी चार इसा आन सात. रिक्षा अकरा. ट्रॅक्टर नऊ. टेम्पो पाच. बस लाभ." इसा म्हणजे वीस, हे सुकन्यानं मोबाईलला आधीच शिकवून ठेवलं होतं. पोर हुशार. चार इसा आणि सात म्हटलं की तिथं बरोबर सत्त्याऐंशी उमटायचे.

ते तीन दिवस माझ्या डोळ्यांपुढं अजून तरंगतात. सकाळच्या धुक्यात भिवराबाई घोंगडी पांघरून बसलेली, आणि तिच्यासमोरून सगळी दुनिया चाललेली. दुपारी ऊन चढलं की माझा डोळा लागायचा. झोपेत मला ट्रॅक्टरांना लोकर फुटलेली दिसायची. टेम्पो बेंबें करायचे. मोठ्या दारातून सगळे एकेक करून बाहेर पडायचे आणि ही बोटानं मोजायची. जाग आली की तेच समोर, फक्त लोकर नाही.

आठ दिवसांनी सुकन्या परत आली. तोंड उतरलेलं. सत्यभामानं विचारायच्या आधी चहा ठेवला.

"आज्जी, हे बघा," तिनं लॅपटॉप उघडला. ते आतलं गाव आता जिवंत झालं होतं. नाक्याची रेघ लालभडक, शाळेच्या वळणाला तर जास्तच. सुकन्यानं सगळ्या जड गाड्या बाहेर काढून दाखवल्या. हळूहळू लाल रेघ पिवळी झाली, पिवळीची हिरवी. मी बघतच राहिले. पहाटे माळ उजाडत जावा तसं ते होतं.

भिवराबाई मात्र बोट फिरवत कायतरी शोधत होती.

"माझी गाडी कुठाय ह्यात?"

सुकन्या खाली बघून म्हणाली, "तेच सांगायला आलेय. नाक्यावर बस फारच कमी येतात, आज्जी. तीन दिवसांत बारा. दिवसाला चार. चार बससाठी थांबा आत ठेवा, असं मी कशाच्या जोरावर म्हणू? परवा मला हे नगरपंचायतीत मांडायचंय. थांबा बाहेर जाईल."

"बारा?" भिवराबाई म्हणाली. "दिवसाला तीसच्या खाली न्हाईत. मी सवता मोजल्यात."

"मोबाईलमधे तर बाराच आहेत."

"मंग तुझा मोबाईल खोटारडा हाय!"

तेवढ्यात पावणेनवाची बस नाक्यावर लागली. बजरंग उतरून चहाला आला. भिवराबाईनं त्याचा हातच धरला. "हा बघ. हा तुझ्या मोबाईलात हाय का? ह्याला इचार."

बजरंगला सगळं सांगितलं. तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, "मॅडम, आठ वर्सं मी ह्या नाक्यावर गाडी आणायलोय. मी काय भूत हाय का? भुतानं निस्ते हॉर्न वाजवले का?"

"मामा, तसं नाही…"

"भूत असतो तर डिझेल तरी वाचलं असतं."

बसमधली माणसं हसली. सुकन्या हसली नाही. ती लाजून लाल झाली. मला तिची कीव आली. पोरगी खोटी नव्हती, आणि भिवराबाईही खोटी नव्हती, आणि बस तर डोळ्यांदेखत उभी होती, दारात योगिता कंडक्टर घंटीच्या दोरीला हात लावून.

"चला की मावशी, बुधवार हाय," योगितानं हाक मारली.

भिवराबाई उठली नाही. बस तिच्याशिवाय गेली. जन्मात पहिल्यांदा तिनं मेंढरांचा बुधवार चुकवला. बसच्या मागचा धूर नाक्यावर जरा वेळ थांबला आणि मग धुक्यात विरून गेला. मला वाटलं, आता ती खरंच त्या आतल्या गावातली झाली, जिथं बस नाही आणि चहाला कुणी थांबत नाही.

मी सुकन्याला म्हणाले, "पोरी, त्या मोबाईलात हिचा आवाज हाय का अजून?"

"आहे ना. सगळं रेकॉर्ड आहे."

"मंग लाव."

तिनं लावलं. बाकड्यावरून भिवराबाईचा आवाज आला, आणि भिवराबाई स्वतःच दचकली. "फटफटी चार इसा आन सात. रिक्षा अकरा. ट्रॅक्टर नऊ. टेम्पो पाच. बस लाभ."

"लाभ म्हणजे काय?" सुकन्यानं विचारलं.

मी आणि सत्यभामानं एकमेकींकडं बघितलं. सत्यभामाच्या हातातलं पातेलं हसण्यानं डुचमळलं.

"अगं लेकरा," मी म्हणाले, "लाभ म्हंजी एक!"

सुकन्यानं कपाळावर हात मारून घेतला. मग भराभर पडदा वरखाली केला. जिथं जिथं बस लाभ, तिथं तिथं रकाना रिकामा. मोबाईलला 'लाभ' हा आकडा माहीत नव्हता, म्हणून त्यानं काही लिहिलंच नव्हतं. आणि रिकामा रकाना म्हणजे शून्य, असं त्या पुढच्या यंत्रानं धरलं होतं. पाव तासात बस येते ती बहुतेक एकच. कधीमधी दोन मागं-पुढं आल्या तेवढ्याच लागल्या. सहा वेळा दोन, म्हणजे बारा. ॲम्ब्युलन्सही त्यातच गेली, आणि आप्पा पाटलांची बैलगाडीही. आप्पांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "चला, मी जिता असून सरकारी कागदात मेलो."

भिवराबाई मात्र हसली नाही. ती आपल्या हाताकडं बघत होती. तिनं जी बस कुणी सोडू नये म्हणून तीन दिवस डोळ्यांत तेल घालून मोजली, ती तिच्याच तोंडानं पुसली गेली होती.

"आज्जी, काही बिघडलं नाही," सुकन्या म्हणाली. "आपण उद्या परत मोजू. फक्त तुम्ही 'बस एक' म्हणा. बघू, म्हणा?"

भिवराबाईनं मोबाईल तोंडाजवळ नेला. ओठ हलले. बाहेर काही येईना. तिनं परत श्वास घेतला. "बस…" म्हणाली, आणि थांबली.

"न्हाई जमत, बाई," ती शेवटी म्हणाली. "बिभीषण गेला तवा तहसीलात साहेबानं इचारलं, घरात माणसं किती. मला एक म्हणावं लागलं. त्या वक्ताला म्हणलं तेवढंच. त्या गाडीला मी एक म्हणणार न्हाई. उद्याच्याला ती यायची बंद व्हईल."

मी म्हटलं, आता हे पुण्याचं शिक्षण काय बोलतंय बघू. सुकन्यानं लॅपटॉप मांडीवर ओढला आणि टिकटिक सुरू केली. चहा निवून गेला तरी तिची मान वर झाली नाही.

"काय करायलीस?" मी विचारलं.

"मोबाईलला नवा आकडा शिकवतेय. विसाला इसा शिकवलं, तसं एकाला लाभ."

तीन दिवसांचा सगळा आवाज तिनं परत त्यातून घातला. आम्ही तिघी पडद्यावर वाकलो. आतल्या गावात आधी काही हललं नाही. मग बीडकडच्या बाजूनं एक निळा ठिपका आला. नाक्यावर जरा थांबला आणि तेलगावच्या अंगाला निघून गेला. मग दुसरा. मग उलट्या बाजूनं एक. भिवराबाईनं बोट पुढं केलं आणि अगदी हळू आवाजात मोजायला लागली, "लाभ… दोन… तीन…" एकूण ब्याण्णव भरले. तिचा हिशेब बरोबर होता.

पुढचं मला पुरतं समजलं नाही, समजलं तेवढं सांगते. एका बसमधे पन्नास माणसं मावतात. थांबा लांब गेला की त्यातली निम्मी फटफटी काढणार, उरलेली रिक्षानं बाहेरच्या रस्त्याला जाणार, आणि जेवढा धूर बसनं नेला तेवढाच त्या परत आणणार. सुकन्यानं तसं करून दाखवलं. नाक्याची रेघ हिरवी व्हायची ती पिवळ्यावरच अडली. मग तिनं बस आत आणली आणि नुसता ऊस बाहेरनं नेला, आणि शाळेच्या वळणाची रेघ आतून उजेड आल्यासारखी हिरवी झाली. "बस जड दिसते, आज्जी," ती म्हणाली, "पण माणसांनी भागून बघितली तर फटफटीपेक्षा हलकी आहे."

नगरपंचायतीत तिनं हेच मांडलं. मी गेले नव्हते, बजरंग गेलता. तो सांगतो, एका साहेबानं विचारलं, तुम्ही आधी कळवल्या तेव्हा बारा होत्या, त्या ब्याण्णव कशा झाल्या? तेव्हा ती पोर उभी राहून म्हणाली, "चूक माझी होती. मोजणारीची नव्हती. मला तिची भाषा येत नव्हती." आणि मग भिवराबाईचा आवाज सगळ्यांना ऐकवला. सभेत दोन-चार म्हातारे होते, ते माना डोलवायला लागले. हंगाम संपेपर्यंत करून बघू, असं ठरलं. उसाचे ट्रॅक्टर आणि ट्रक बाहेरनं, बस नाक्यावरनं. हंगामानंतर परत मोजायचं. कायमचं काही नाही. पण आमच्या वयात हंगामाएवढं कायमचं दुसरं काय असतं?

पहिल्या बुधवारी सकाळी धुकं नुसतं धुकं होतं. पांढरं, वास नसलेलं. ट्रॅक्टरची गाणी लांबून, बाहेरच्या रस्त्यावरून ऐकू येत होती, झोपेत ऐकावी तशी. त्यांची गिऱ्हाइकं गेली म्हणून सत्यभामा कुरकुरत होती, पण दूध पांढरं राहिलंय हेही तिनं दोनदा बोलून दाखवलं. पावणेनवाला बस आली. बजरंगनं उगीच लांबलचक हॉर्न वाजवला.

"भूत आलं, मावशी!"

"ये रे भुता," भिवराबाई म्हणाली आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन चढली. योगितानं तिला खिडकीची जागा दिली.

मी दिवसभर बाकड्यावर होते. दुपारी डोळा लागला तेव्हा बस दिसली. खिडक्याखिडक्यांतून मेंढरं बाहेर बघत होती आणि योगिता तिकिटं फाडत होती.

संध्याकाळी उन्हं कलली तशी बस परत आली. भिवराबाई उतरली, येऊन बाकड्यावर बसली, गुडघे चोळले. दोन बुधवारांचा हिशेब बाकी होता, म्हणून मी विचारलं, "भरली का गिनती?"

"चार इसा आन तीन व्हती, मागच्या खेपेला," ती म्हणाली. ओटीतली सुपारी तिनं काढून हातात धरली होती. "आज मोजली. वर एक कोकरू हाय, तांबूस. परवाच झालंय. उभं ऱ्हाताना पडतंय."

आणि मग तिच्या ध्यानात आलं, ती काय बोलली ते. तिनं जीभ चावली.

"लाभ," ती म्हणाली. "वर लाभ."